हॉलिसची टाच

कॉल्बी थिगपेननं दुसऱ्या कॉलेजच्या संघात जायला बदलीच्या यादीत नाव घातलं त्याच दुपारी जुन्या कॉलेजच्या ड्रेसिंग रूमचं दार त्याच्या कार्डानं उघडेना. त्याचं सामान कुणीतरी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून बाहेर ठेवलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पिशवी ट्रकमध्ये टाकून तो मिसिसिपीहून अलाबामात आला आणि दुसऱ्या रंगाची जर्सी अंगात चढवली. अमेरिकन फुटबॉलमध्ये हल्ली निम्मी पोरं हेच करतात, आणि सगळे त्याला संधी म्हणतात.

सप्टेंबर उजाडला तरी तो बाकावरच होता. आई फोनवर विचारायची, "जेवलास का? करमतं का रे तिथं?"

"हो मम्मा."

करमत नव्हतं असंही नाही. आत काही हलतच नव्हतं.

मग जुन्या संघाशी सामना आला. इथल्या कोच रॅन्समनी त्याला आत बोलावून घेतलं.

"प्रत्येक चाल सुरू करणारा तुमचा तो क्वार्टरबॅक, हॉलिस प्रुइट. दोन वर्षं एका खोलीत राहिलात ना? चेंडू फेकणार की दुसऱ्याच्या हातात देऊन पळवणार, हे आधी कसं ओळखायचं?"

कॉल्बी जर्सीची शिवण चाचपत राहिला.

"पोरा, शनिवारी मैदानात उतरायचंय की बाकच उबवायचाय?"

कॉल्बीला ठाऊक होतं. फेकायचं असलं की चेंडू हातात यायच्या आधीच हॉलिसची डावी टाच किंचित उचलली जायची. हे त्यानं पहिल्याच वर्षी हेरलं होतं. सरावात बचावाच्या बाजूनं खेळताना तो नेमका चेंडूच्या वाटेत जाऊन उभा राहायचा आणि सगळे म्हणायचे, याला मनातलं कळतं! त्याच जोरावर संघातली जागा टिकली होती. हॉलिसला मात्र तो कधी बोलला नाही. दर रविवारी चर्चनंतर त्याच्याच घरी तळलेला मासा हाणायचा, आणि त्याची आई, मिस लोरीन, मोठा तुकडा मुद्दाम याच्या ताटात वाढायची.

"डावी टाच," तो म्हणाला. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

शनिवारी त्याला उतरवलं. टाच उचलली की हा ओरडायचा, "फेकतोय!" आणि सगळी बचावफळी मागं सरायची. एकदा तर यानंच चेंडू हवेत झेलला आणि थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळाला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. कॉल्बीला ते सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटत होतं. पुढं हॉलिसला त्याच्या कोचनी बाहेर काढलं आणि राहिलेला सामना त्यानं बाकावर बसून पाहिला.

सामना संपल्यावर दोन्हीकडची पोरं रिवाजाप्रमाणे प्रार्थनेला मैदानाच्या मध्यावर गुडघ्यांवर बसली, हातात हात धरून. हॉलिस मुद्दाम कॉल्बीशेजारी येऊन बसला आणि त्यानं त्याचा हात धरला.

"आमच्या कोचनी बाकावर व्हिडिओ दाखवला," प्रार्थना चालू असतानाच तो हळूच म्हणाला. "टाच."

"मी सांगितलं त्यांना."

"सांगणारच लेका. आता तू त्यांचा. माझा राग नाही." तो हसलासुद्धा. "पण तुझ्या ध्यानात आलं कधी? या आठवड्यात आमचे व्हिडिओ बघताना?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"पहिल्या वर्षी," कॉल्बी म्हणाला.

हॉलिसचं हसू मावळलं. "म्हणजे शेजारच्या खाटेवर झोपत होतास तेव्हापासून? सांगायचं नाही होय रे? मी सुधारली असती की."

सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि हॉलिसनं हात सोडला.

मग नव्या संघातली पोरं "थिगपेन! थिगपेन!" करत त्याच्या पाठीवर थापा मारायला लागली. कुणीतरी त्याला उठवायला गेलं. त्याला उठवेना. त्या वर्षात पहिल्यांदाच त्याला काहीतरी दुखत होतं, आणि ते इतकं दुखत होतं की आजूबाजूच्यांना वाटलं, गडी जिंकल्याच्या आनंदानं रडतोय.