मंगळवारच्या होड्या

“आई, होडी हलत नाही म्हणतायत.”

क्वामेना दारात उभा होता, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन, तान्हं मूल धरावं तसा. मी मासळीला धुरी देण्याच्या जाळ्या खरवडत बसले होते. कोपरापर्यंत काजळी.

“कोण म्हणतंय?”

“सगळेच. अमेरिकेतले, जर्मनीतले, ज्यांनी ज्यांनी वर्गणी दिली ते. आज सकाळी खेळ त्यांच्या हाती दिला ना, पहिला नमुना. ढकलतायत, ढकलतायत, होडी आपली वाळूतच.”

“मंगळवार आहे,” मी म्हटलं. “कशी हलेल?”

“ते आपल्याला ठाऊक. त्यांना वाटतंय खेळ बिघडलाय.”

“मग सांग की त्यांना. मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी कोणी पाण्यात होडी घालत नाही. तोंड दिलंय ना देवानं?”

“सेलोर्म सांगतोय सकाळपासून. कोणी ऐकत नाही. तो माझ्यावरच ओरडतोय, आठवड्यात दुसरा दिवस नव्हता का म्हणून.”

सेलोर्म त्याचा भागीदार. राजधानीत, अक्रात राहणारा, गोड बोलणारा पोरगा. परदेशातल्या लोकांना पत्रं लिहायचं काम त्याचं. पण तो मूळचा व्होल्टा नदीकडचा, त्याला आमचा किनारा काय कळणार? मंगळवारी आमच्याकडे पुरुष वाळूत बसून जाळी सांधतात, बायकांच्या टोपल्या पालथ्या असतात. बारसं असो, भांडण मिटवायचं असो, सगळं आम्ही मंगळवारी धरतो. क्वामेनानंही तेच केलं. सगळा गाव मोकळा असेल, सगळा गाव बघेल, म्हणून त्यानं मंगळवार धरला. ज्या दिवशी होडी निघत नाही त्याच दिवशी आपण होडीचा खेळ लोकांच्या हाती देतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

लॅपटॉपवर ओळी वर सरकत होत्या. मला वाचता येत नाही, पण शिव्या ओळखायला अक्षरं लागत नाहीत. मुलाचं तोंड पुरतं.

*

खेळ आमच्याच किनाऱ्याचा होता. होडी ढकलायची, पाण्याचा रंग बघून मासळी ओळखायची, जाळं टाकायचं आणि खडक चुकवून परत यायचं. क्वामेनाला लहानपणापासून चित्रांचा नाद. बाप गेल्यावर तो समुद्रावर गेला नाही, मीही जाऊ दिलं नाही.

एक दिवस म्हणाला, “आई, लोकवर्गणी काढतो. इंटरनेटवर. ज्याला खेळ आवडेल तो आधीच पैसे देईल, आणि त्या पैशांतून आम्ही खेळ बनवू.”

“बनायच्या आधी पैसे? ओळख ना पाळख?”

“हो.”

“आणि नाही बनला तर?”

“बनेल गं.”

मला ते मयताच्या वर्गणीसारखं वाटलं. आमच्याकडे मयताच्या मांडवात जो जे देईल ते त्याच्या नावासकट कर्ण्यावर पुकारतात. मी विचारलं, “यांची नावं कुठे पुकारणार?” तर म्हणाला, खेळ संपला की शेवटी सगळ्यांची नावं येतील. मला पटलं.

त्यांनी माझाही व्हिडिओ काढला. मी चांगलं लुगडं नेसले, डोक्याला फडकं बांधलं आणि आमच्या भाषेत सांगितलं, की ह्या किनाऱ्यावर मासळीचा पहिला भाव मी फोडते, आणि माझा मुलगा लबाड नाही. परदेशी लोकांना ते फार आवडलं म्हणे. खेळापेक्षा म्हातारीच आवडली, असं सेलोर्म म्हणायचा.

पण मुदत संपत आली आणि वर्गणी कमी पडली. तिथला नियम असा, की ठरवलेला आकडा भरला नाही तर आलेलंही सगळं परत जातं. क्वामेना जेवेना. मक्याच्या पिठाची केंकी पानात तशीच सुकून जायची.

तेव्हा मी मासळीवाल्या बायकांना जमवलं. त्यातल्या बऱ्याच जणी वादळाच्या वर्षाच्या विधवा. त्या वर्षी गेलेल्या होड्या आल्याच नाहीत, माझ्या नवऱ्याचीसुद्धा. मी म्हटलं, “जी वर्गणी देईल तिच्या माणसाची होडी खेळात येईल. त्याच नावाची, त्याच रंगाची, वर तीच निशाणं.”

अडवोआ म्हणाली, “आणि मासळी? खेळातली मासळी विकायला बाजार कुठला गं, तोही कॉम्प्युटरातच का?”

सगळ्या हसल्या. टाविया हसली नाही. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं; नंतर कितीदा मागणी आली, तिनं कोणाला होकार दिला नाही. तिनं एवढंच विचारलं, “त्याची होडी किनाऱ्याला लागेल ना?”

“लागेल,” मी म्हटलं. “माझा शब्द.”

भाव फोडणारीकडे दुसरं असतं काय? तिनं किंमत सांगितली की समुद्रावरचा माणूस ऐकतो, कारण ती उद्या फिरवत नाही.

त्यांनी दिली वर्गणी, आकडा भरला. गावात ढोल वाजले.

पुढे क्वामेनानं पहिल्यांदा होड्या दाखवल्या तो दिवस मंगळवारचा होता. टावियाच्या नवऱ्याची निळी होडी, पिवळ्या पट्ट्यांची, “पुन्हा भेटू” असं बाजूला लिहिलेली, सरळ लाटेवर चढली आणि निघाली. टाविया उठून उभी राहिली. “मंगळवारी बाहेर काढलंस त्याला?” म्हणाली, आणि निघून गेली.

त्याच दिवशी मी मुलाला बजावलं: “तुझ्या खेळात मंगळवारी होडी पाण्यात दिसली, तर माझं नाव त्यात घालू नकोस.” त्यानं तसं केलं. लॅपटॉपचं घड्याळ मंगळवार दाखवत असेल तर होडी वाळूतच राहील. कोणी विचारलं तर आजही मी हेच सांगेन.

*

बुधवारी होड्या चालू लागल्या, पण बघायला कोण होतं? लोकांनी आधीच लिहून टाकलं होतं, की फसवणूक आहे, आफ्रिकेतल्या पोरांनी पैसे खाल्ले. ज्यांनी खेळ उघडलाही नव्हता तेसुद्धा तेच म्हणायला लागले.

सेलोर्म अक्राहून आला. माझ्या अंगणात बसला, मी दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, “मावशी, प्रोग्राममधली एक ओळ काढून टाकायची आहे. मंगळवारची. ती काढू आणि चूक झाली म्हणून लिहू. अजून सावरता येईल.”

क्वामेनानं माझ्याकडे पाहिलं.

“काढ,” मी म्हटलं. “आणि टावियाला तूच जाऊन सांग. मी नाही सांगायची.”

क्वामेनानं ती ओळ काढली नाही. सेलोर्म ग्लास ठेवून उठला. फाटकाशी थांबून म्हणाला, “मावशी, जग तुमच्या किनाऱ्यावर राहत नाही.”

“म्हणून तर ते बुडत नाही,” मी म्हटलं.

तो परत आला नाही. गोऱ्यांनी पैसे मागितले, काहींना परत दिले, बाकीचे आधीच खर्च झाले होते, चित्रं काढणाऱ्यांवर, आवाज देणाऱ्यांवर, विजेच्या जनरेटरवर. क्वामेना एकटाच बसून काम करत राहिला. गालफडं बसली. एके दिवशी मी विचारलं, “किती राहिलंय?”

“परत येणं राहिलंय.”

“म्हणजे?”

“जायचं सगळं झालंय, आई. होड्या निघतात, जाळी टाकतात. किनाऱ्याला लागायचं बनवलेलं नाही. खडक, उलटा प्रवाह, वाळूवरचे लोक, ते फार किचकट आहे. ते शेवटी करायचं ठरलं होतं.”

“मग त्या होड्या जातात कुठे?”

त्यानं लॅपटॉप मिटला. मीही परत विचारलं नाही.

पावसाळ्याआधी तो टाकोराडी शहरात गेला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दर महिन्याला काही पाठवतो, ते मी बायकांना त्यांच्या वर्गणीपोटी देते. कोणी घेतात, कोणी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. लॅपटॉप घरीच ठेवून गेला. “तुला करमणूक,” म्हणाला. आईशी खोटं बोलायला हुशारी लागते, ती त्याच्यात कधी नव्हती.

किनाऱ्यावर मला कोणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी चौघींना पुरून उरले असते. पण एका सकाळी पहिली होडी लागली, मी टोपलीचा भाव सांगितला, आणि अडवोआ पलीकडून होडीवाल्याला म्हणाली, “तू तुझा सांग रे. हिचं लागतंच असं नाही.”

होडीवाल्यानं आपला भाव सांगितला. बायकांनी त्या भावानं घेतलं. मी माझी टोपली डोक्यावर घेतली आणि मान ताठ ठेवून घरी आले. तेव्हापासून मी पहिल्या होडीला जात नाही. दुसरीला जाते, इतरांसारखी.

*

टाविया आली ती मंगळवारी दुपारी. दारात चपला काढल्या, आत आली, स्टूल ओढून बसली.

“ते लाव.”

“पुरं झालेलं नाही,” मी म्हटलं. “तुला माहीत आहे.”

“लाव म्हटलं ना.”

मला एकच बटण ठाऊक. एरवी ते दाबलं की समोर रिकामी वाळू येते. पहाटेच सगळ्या होड्या निघून गेलेल्या असतात, आणि कितीही वेळ बसलं तरी एकही परत येत नाही. मी एकदाच बसले होते तशी, संध्याकाळपर्यंत. पुन्हा नाही बसले.

पण मंगळवार होता.

सगळ्या होड्या वाळूत होत्या. एका रांगेत, नाकं समुद्राकडे, निशाणं वाऱ्यावर. टावियाची निळी. तिच्या शेजारी अडवोआच्या भावाची लाल. टोकाला, गावच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत, आमची हिरवी. रंग उडालेला डावा काठसुद्धा पोरानं तसाच काढला होता.

टाविया बराच वेळ बघत बसली. मग पुढे वाकली आणि नखानं काचेवर काहीतरी पुसल्यासारखं केलं.

“सुकली आहे वाळूत,” म्हणाली. “तळाला डांबर लावायला झालंय.”

“पुरुषांना सांग,” मी म्हटलं. “मंगळवार आहे. नुसते बसलेत.”

ती हसली. पुढच्या मंगळवारी तिनं दोघींना बरोबर आणलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी अडवोआ आली, दाराबाहेरच उभी राहिली, “मी नुसती मीठ मागायला आले होते,” म्हणाली. मी मीठ दिलं. ते हातात घेऊन ती आमच्यामागे उभी राहिली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. कोणी भुईमूग सोलतं, कोणी जाळीचा तुकडा सांधतं.

ऊन उतरलं की टाविया आधी उठते. लुगडं सारखं करते.

“उद्या लावू नकोस हं.”

“नाही लावत.”

सगळ्या गेल्या की मी बटण दाबते, वायर काढते, ती लॅपटॉपभोवती गुंडाळते आणि त्याच्यावर नवऱ्याच्या होडीचं जुनं निशाण पांघरते, समुद्राकडून येणारी वाळू आत जाऊ नये म्हणून.