सोन्या संध्याकाळी कुठे जातो

ताईच्या धाकट्या भावाला घरातले सोन्या म्हणायचे. आता घरातले म्हणजे एकटी ताईच उरली होती आणि सोन्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. लहानपणी त्याला मेंदूज्वर झाला. त्यातून तो वाचला, पण पुढं प्रत्येक गोष्ट त्याला सावकाश करावी लागायची. कुणी घाई केली की गोंधळायचा, आणि मधूनच फिट यायची. आई गेल्यावर ताईनं त्याला आपल्याकडे आणलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याचं अंडं ती सोलून द्यायची, चहा निववून द्यायची, रस्ता ओलांडताना मनगट धरायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे असल्या शिवणकामावर दोघांचं चालायचं. मशीन सुरू असलं की सोन्या शेजारी बसून खाली पडलेले धागे वेचायचा.

मग एका सकाळी ताई जिन्यावरून पडली. कापडाचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या मजल्यावरून उतरत होती, पायरी चुकली आणि गुडघा कामातून गेला. ती दवाखान्यात पडून होती, तेव्हा सोन्याकडे कोण बघणार हा प्रश्न आला. सरकारच्या गृहसाहाय्य खात्यानं त्याची सोय एका घरात लावली. एकट्यानं राहणं झेपत नाही अशी चार माणसं त्या घरात राहायची. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून, आणि हाताशी एक मदतनीस. भाडंही सरकार भरणार आणि मदतनिसाचा पगारही. ताईला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. पण गुडघा पूर्वीसारखा काही झाला नाही, हातात काठी आली ती आलीच. आणि खात्याच्या लोकांनी सोन्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मला इथंच राहायचंय.

ताईला ते लागलं. तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण पहिले काही रविवार ती त्याला भेटायला जायची ती ओठ घट्ट मिटूनच. तिथं गेलं की दर खेपेला काहीतरी नवीन समोर यायचं. सोन्या अंडं स्वतः सोलत होता. त्याला अर्धा तास लागत होता आणि टरफलांचा चुरा टेबलभर व्हायचा, पण सोलत होता. शेजारच्या खोलीतली पोरगी त्याला काका म्हणत होती, आणि त्या हाकेला तो मान वर करून, चांगला वडीलधाऱ्यासारखा ओ देत होता. एकदा त्यानं ताईसाठी चहा केला. स्वतःच्या कपात त्यानं साखर घातलीच नाही, तेव्हा ताईनं डबा पुढं सरकवला.

"मला गोड चहा आवडत नाही," सोन्या म्हणाला.

"अरे, इतकी वर्षं मी तुला दोन चमचे घालून देत होते."

"हो. मी प्यायचो."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ताई मात्र घरी जाईपर्यंत त्या दोन चमच्यांचाच विचार करत राहिली. एका आईच्या पोटचा, एका छपराखाली राहिलेला हा माणूस आहे तरी कोण, असं तिला वाटायला लागलं. राग हळूहळू निवला आणि त्याच्या जागी कुतूहल येऊन बसलं. ते रागाहून जास्त चिवट निघालं.

अशात खात्याची वर्षाची पाहणी जवळ आली. घरात राहणाऱ्या प्रत्येकाला अजून किती आधार लागतो, कसला लागतो, हे अधिकारी येऊन बघायचे. सोन्याची इच्छा असेल तर बहिणीनंही बसावं, असं मदतनिसानं कळवलं. मदतनीस म्हणजे एक तरुण, शांत मुलगी. बोलता बोलता ती सहज म्हणाली की काका आता रोज संध्याकाळी एकटे बाहेर जातात.

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. कुठे जातो, तर ते मदतनिसालाही ठाऊक नव्हतं. चहा झाला की निघतात, जेवायच्या आत येतात, विचारलं की नुसते हसतात. वाटेत फिट आली तर, असं ताईनं विचारलं. खिशात फोन असतो, गळ्यात नंबरचं कार्ड असतं, कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखतो, असं मुलीनं समजावलं.

"पण कुठे जातो हे तुम्ही विचारायला नको का?" ताई म्हणाली.

"विचारते की. सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

असल्या उत्तरानं कुणाचं समाधान होणार? ताईचं डोकं फिरकीसारखं फिरायला लागलं. कुणा लफंग्यांच्या नादी लागला असेल. कुणी राबवून घेत असेल. एखादी बाई असेल, हा विचार आला तेव्हा तिला आधी धक्का बसला, मग हसू आलं, आणि मग असं वाटलं की असली तर ती दिसते कशी हे तरी बघावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई त्या घरासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. येणारा जाणारा प्रत्येकजण आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत होतं. सोन्या बाहेर आला, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. दारात थांबून त्यानं खिसे चाचपले आणि चालू लागला. ताई अंतर ठेवून मागोमाग.

मोठ्या रस्त्याच्या कडेला तो थांबला. ताईची मूठ काठीवर आवळली गेली. सोन्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. दोन वेळा रस्ता मोकळा झाला तरी तो हलला नाही. तिसऱ्यांदा मोकळा झाला तेव्हा शांतपणे पलीकडे गेला. ताईचा जीव भांड्यात पडला. ती स्वतः मात्र घाईत निघाली आणि एका रिक्षावाल्यानं तिला चार शब्द सुनावले.

पुढं लोखंडी सामानाचं दुकान, दळणाची गिरणी, मग एक गल्ली. गल्लीतल्या एका घरावर 'जागा भाड्यानं देणे आहे' अशी पाटी लटकत होती. सोन्यानं बेल वाजवली, घरमालकिणीनं दार उघडलं, आणि तो आत गेला. दार उघडंच होतं. ताईनं समोरच्या भिंतीला टेकून आत डोकावून पाहिलं. सोन्या लंगडत होता. उजवा पाय ताठ, एक हात भिंतीवर, बोटं पसरलेली, असा तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मोरीच्या उंबऱ्याशी थांबला, ताठ पाय उचलून पलीकडे टाकून बघितला, मग मागं घेतला आणि पुन्हा टाकला. भिंतीला कुठे धरायला आहे का ते चाचपलं. त्यानंतर सरळ उभा राहिला, घरमालकिणीला हात जोडले आणि दोन्ही पायांनी ठणठणीत चालत बाहेर पडून वळणावरून दिसेनासा झाला.

ताईला त्याच्या मागं जाण्याचं भानच राहिलं नाही. ती थेट दाराशी गेली आणि आत्ता आलेले गृहस्थ काय म्हणत होते, असं विचारलं. घरमालकीण गप्पिष्ट निघाली. भला माणूस आहे, पण नवलाचा, असं म्हणत तिनं सगळं सांगितलं. तो दुसऱ्यांदा आला होता. गल्लीतल्या आणखी दोघातिघांच्या जागाही बघून गेला होता. मागच्या खेपेला तर संडासात चारदा बसून उठून बघितलं, तिला वाटलं बरं नाही की काय.

"बहिणीसाठी बघतोय म्हणाले. तिचा गुडघा गेलाय, तिला जिना नको. मी विचारलं, तुम्हीही इथंच राहणार का? तर म्हणाले, नाही, मला माझं घर आहे."

परतताना ताई बराच वेळ बसथांब्यावर बसून राहिली. दोन बस गेल्या तरी ती उठली नाही. आपली नक्कल इतकी हुबेहूब कुणी कधी केली नव्हती. भिंतीवर हात टेकताना आपण बोटं पसरतो, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आणि ते 'माझं घर'. तिनं स्वतःच्या घराला वर्षानुवर्षं 'आपलं घर' म्हटलं होतं. तिथं सोन्याचं काय होतं, हे तिला काही केल्या आठवेना. एक उशी, आणि मशीनशेजारचा पाट.

पाहणीला आलेली अधिकारी चष्मेवाली बाई होती. प्रश्न विचारून झाला की ती खरोखर थांबायची, उत्तर यायला कितीही वेळ लागो. औषधं कोण देतं, गॅस कोण बंद करतं, वाईट दिवस आला तर काय करता. सोन्यानं सगळं सांगितलं. औषधं मदतनीस देते. गॅस बंद करायला तो कधी कधी विसरतो. वाईट दिवशी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, मग ती दाराबाहेर बसून राहते. शेवटी अधिकारी म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता म्हणे. कुठे, ते सांगाल?"

सोन्या हसला. ताईचंही अळीमिळी गुपचिळी.

"ताईला विचारा," तो म्हणाला. "तिला माहीत आहे. माझ्या मागं आली होती."

तुला कसं कळलं, एवढंच ताई कशीबशी म्हणाली.

"तुझी काठी वाजते. म्हणून मी हळू चाललो."

अधिकारी बाईनं चष्मा काढून पुसला. मदतनीस तोंडावर हात धरून हसली आणि मग ताईलाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर सोन्यानं सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं की ताईला खालचं घर पाहिजे. ती वर राहते, पुन्हा पडेल. इथं त्याच्यासाठी माणूस आहे, तिथं तिच्यासाठी कुणी नाही. अधिकारी म्हणाली की ही योजना ताईंना लागू होत नाही, त्यांना स्वतःच भाड्यानं जागा घ्यावी लागेल. ते माहीत आहे, असं सोन्या म्हणाला, म्हणून तर बघत होतो.

"पण मला आधी का नाही विचारलंस?" ताई म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

आणि ती नाहीच म्हणाली. तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. मला काही धाड भरलेली नाही, जिना माझ्या सवयीचा आहे, माझी गिऱ्हाइकं तिथं आहेत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातला प्रकार. सोन्यानं वाद घातला नाही, फक्त टेबलावरचे चहाचे कप उचलून विसळायला घेतले. अधिकारी बाईनं जाताना ताईला बाजूला घेऊन एक शंका दूर केली. हा घरं बघतो म्हणजे आता त्याला आधार नको, असा अर्थ खातं काढेल, ही भीती ताईच्या मनात होती. तसं काही नव्हतं. गॅस, औषधं आणि वाईट दिवस जिथल्या तिथं होते. खोली आणि मदतनीस दोन्ही राहणार होते.

ताई काही दिवस घुश्शात होती. मग एकदा अभ्र्यांचा गठ्ठा घेऊन वर चढताना मधल्या वळणावर तिला दम लागला. ती पायरीवर बसली. खालून शेजारीण आली, गठ्ठा उचलून पुढं गेली आणि काही बोलली नाही. ते न बोलणंच ताईला जास्त बोचलं. पुढच्या रविवारी चहा झाल्यावर तिनं काठी उचलली आणि सोन्याला म्हणाली की चल, दाखव तुझी घरं.

त्यानं तिला पहिलीच जागा दाखवली ती त्याच्या सगळ्यात आवडीची. मोरीला उंबरा नाही, संडासात धरायला कडी, दाराशी एकच उतरती फरशी. ताई आत फिरली, पाय कुठेही अडखळला नाही. मग मधोमध उभी राहून तिनं आजूबाजूला पाहिलं. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड केलेली.

"इथं सुईत दोरा कसा ओवू?"

सोन्यानं खिडकीकडे पाहिलं, मग ताईच्या डोळ्यांकडे पाहिलं. गुडघ्याचा विचार त्यानं तपशिलात केला होता, डोळ्यांचा केलाच नव्हता. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ताईला वाटलं, आता हिरमुसेल. तो म्हणाला, "मग उजेडाचं बघू या."

त्यानंतर दोघं मिळून जागा बघायला लागली. लंगडून बघायची गरज उरली नाही, कारण लंगडणारी सोबतच होती. सोन्या खिडक्या उघडायचा, तळहात पुढं धरून त्यावरच्या रेषा दिसतात का ते बघायचा. एका मालकानं त्यांना नवराबायको समजून दोघांना पुरेल म्हणून सांगितलं, तेव्हा सोन्या गंभीरपणे म्हणाला की ही माझी थोरली बहीण आहे, आणि आम्ही वेगवेगळे राहतो. एका बाईनं सोन्याचं बोलणं ऐकून तोंड वाकडं केलं आणि जागा गेली म्हणून सांगितलं. त्या दिवशी दोघं तशीच परतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली.

शेवटी जागा मिळाली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, तळमजल्यावर, रस्त्याकडे रुंद खिडकी असलेली. भाडं ताईच्या कमाईत बसणारं होतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तिथं आली, उरलेल्या निम्म्यांनी तोंड फिरवलं, आणि सायकलवाल्यानं पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या फाटक्या छताचं कापड शिवायला आणून टाकलं.

सामान आलं त्या संध्याकाळी सोन्या, मदतनीस आणि टेम्पोवाला असे तिघं राबले. मशीन खिडकीपाशी लागलं. ताई म्हणाली की आता जेवूनच जा, मी अंडी उकडते. सोन्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. आज तिकडच्या स्वयंपाकाची पाळी त्याची होती, बाकीचे तिघं वाट बघत असतील. त्यानं शर्ट झटकला, खिसे चाचपले आणि मदतनिसाबरोबर निघून गेला.

ताई खुर्चीत बसली. नवीन घराचे आवाज अजून तिच्या ओळखीचे नव्हते. पलीकडे कुणीतरी चाकात हवा भरत होतं. वरच्या मजल्यावर जड काहीतरी सरकवलं जात होतं. भिंतीपलीकडे एक बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत होती आणि पुढची ओळ आठवत नसल्यासारखी थांबत होती. कोण असेल ही? ताईनं थोडा वेळ कान दिला. मग काठी न घेताच उठली, आणि खिडकीतून वाकून शेजारचं दार दिसतंय का ते पाहू लागली.