डेनिसच्या सुतळीची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे आणि सॅक निवडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. दुकानात शिरतात, आधी रंग बघतात, मग कप्पे मोजतात, मग आरशासमोर फोटो काढतात. रिकामी सॅक पाठीला लावून "एकदम हलकी आहे यार" म्हणतात. अरे शहाण्यांनो, रिकामी सॅक हलकी नसेल तर काय जड असेल?

माझा जन्म दहिसरच्या गावठाणात, डेनिसच्या शिलाई मशीनवर झाला. डेनिस गिऱ्हाइकाला आधी मान खाली घालायला लावी. मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथे तो सुतळीचं टोक धरी. मग हात कमरेच्या हाडांवर ठेवायला सांगे, अंगठे मागच्या बाजूला. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत सुतळी आली की तिथे गाठ मारी. तेवढं त्या माणसाच्या पाठीचं माप, तेवढाच सॅकचा सांगाडा. "ओझं कमरेने उचलायचं. खांदे फक्त सॅक धरून ठेवायला," असं तो प्रत्येकाला सांगे. ऐकणारे थोडेच.

मला ज्याने शिवायला टाकलं तो लांब पाठीचा माणूस न्यायला आलाच नाही. त्याची गाठ मारलेली सुतळी माझ्या वरच्या कप्प्यात तशीच राहिली. मग एके दिवशी बोरीवलीचा हर्षद आला. उंची सहा फूट दोन इंच आणि अक्कल त्याहून बरीच कमी.

"माप कशाला? सगळ्यात मोठी दे," तो म्हणाला.

"बाबा, तुझी उंची सगळी पायांत आहे. पाठ आखूड आहे तुझी," डेनिस म्हणाला.

आखूड! रोज जिमला जाणाऱ्या माणसाला हा शब्द कसा सोसावा? त्याने मला उचललं आणि तरातरा चालता झाला.

हर्षद ज्या गटात होता तो गट हिवाळ्यात वनरक्षकांबरोबर सह्याद्रीच्या जंगलात जाई. चोरटे शिकारी रानडुकरांसाठी आणि सशांसाठी क्लचवायरचे फासे आणि लोखंडी सापळे लावतात, ते शोधून काढायचे आणि पाठीवरून खाली आणायचे. जाताना सॅकमध्ये फक्त शिधा आणि अंथरूण, येताना लोखंड. हर्षदच्या पाठीवर माझा कमरपट्टा थेट ढुंगणावर घसरायचा आणि सगळं ओझं त्याच्या खांद्यांना लटकायचं. चार हिवाळे त्याने मला शिव्या घातल्या. शेवटी "भंगार आहे" म्हणून माळ्यावर फेकलं आणि नारिंगी रंगाची नवी सॅक आणली. दुकानातल्या पोराने त्याला फक्त उंची विचारली होती. त्यामुळे तीही लांबच निघाली, पण बावीस कप्पे होते म्हणून साहेब खूश.

त्याच घरात त्याची वहिनी प्रेमा राहते. दवाखान्यात नर्स, वय सेहेचाळीस, उंची पाच फूट. लहानपणी गावी तिचा कुत्रा अशाच फाशात अडकून दोन दिवस ओरडत मेला होता, म्हणून तिला जंगलात जायचं होतं. गेल्या हिवाळ्यात ती भाच्याची कॉलेजची सॅक घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे दोन्ही हात बधिर झाले. गटाचा प्रमुख निलेश याने तिला खाली जीपपाशी पाठवलं. तिथे तिने सगळ्यांसाठी कांदे चिरले. "या वेळी आपल्या वाटणीचं लोखंड खाली आणलं नाहीस, तर पुढच्या वर्षी नाव देऊ नकोस," असं त्याने तिला यंदा स्पष्ट बजावलं होतं.

प्रेमाने मला माळ्यावरून काढलं तेव्हा मी मनात हसले. पाच फुटांची बाई मला पेलणार? हर्षद तर उघडच हसला. "वहिनी, सॅक तुला घेऊन जाईल हां!"

माझी तुटलेली कडी बसवायला ती मला डेनिसकडे घेऊन गेली. त्याने तिला मान खाली घालायला लावली, सुतळी धरली, गाठ मारली. मग माझ्या वरच्या कप्प्यातली जुनी सुतळी काढून शेजारी ठेवली. दोन्ही गाठी अगदी एका रेषेत आल्या.

"बाई, तुझी उंची सगळी पाठीत आहे," डेनिस म्हणाला.

जंगलात तिसऱ्या दिवशी खाली उतरायचं होतं. प्रेमाने तिच्या वाटणीचं लोखंड माझ्यात पाठीच्या अगदी लगत ठेवलं, आधी कमरपट्टा हाडांवर आवळला आणि मग खांद्याचे पट्टे ओढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी माणसाच्या कमरेवर नीट बसले.

अर्ध्या उतारावर हर्षद मटकन खाली बसला. त्याचे हात बधिर झाले होते. "निलेश, माझं लोखंड इथेच ठेवू या रे. पुढच्या रविवारी नेऊ."

"रविवारपर्यंत सगळे फासे परत झाडांना लागतील," निलेश म्हणाला.

"आण इकडे," प्रेमा म्हणाली.

हर्षदला ते फार लागलं. "वहिनी, ती सॅक मुळात माझी आहे ना? सगळी करामत तिचीच आहे. आपण बदलू या."

प्रेमाने मला उतरवून त्याच्या हातात दिलं. दहा पावलं झाली नाहीत तोच मी माझ्या जुन्या जागी घसरले. त्याने मला खाली ठेवलं. प्रेमाने त्याचे फासे माझ्यात भरले, मला पाठीला लावलं आणि ती पुढे निघाली. मध्ये तीनदा थांबली, घामाघूम झाली, पण जीपपर्यंत सगळं घेऊन आली.

निलेशने वहीत पुढच्या वर्षासाठी तिचं नाव लिहिलं, तिला न विचारता. कांदे हर्षदने चिरले.

मित्रांनो, मी आयुष्यभर तुम्हाला मूर्ख म्हणत आले. पण प्रेमाला मीही उंचीवरूनच जोखलं होतं, आणि याची मला लाज वाटते. एवढंच मागते, की सॅक घेण्याआधी आपली पाठ मोजून घ्या, आणि माळ्यावर टाकलेल्या सॅकला भंगार म्हणण्याआधी ती कोणाच्या मापाची आहे ते बघा.

पुढच्या रविवारी प्रेमा माझी शिवण घट्ट करायला दहिसरला गेली. डेनिसच्या दुकानात एक गिऱ्हाईक आधीच उभं होतं, मान खाली घालून, अंगठे मागे ठेवून. सहा फूट दोन इंच.