दामेलीच्या पायांतली दोरी

"दोरीच तर आहे! कापू दे की त्याला," चहात दूध ओतत सासूबाई म्हणाल्या.

माझी दामेली नुकती पावलं टाकायला लागली होती. आमच्याकडे अशा लेकराच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि भल्या माणसाकडून कापून घेतात. कापणाऱ्याची चाल लेकराला लागते. आज तेल कामगार दिनाच्या मंचावर ती कंपनीचा संचालक ओराझोव कापणार होता, कॅमेऱ्यांपुढे. बदल्यात माझा नवरा कुआनिश सोमवारपासून पुन्हा कामावर. पगार वाढवून मागितला म्हणून त्याला तेलाच्या विहिरीवरच्या कामावरून काढलं होतं.

"आई, चाल लागते असं तुम्हीच सांगता ना?"

"मग लागू दे! पोरगी गाडीतून फिरेल."

ओराझोवची चाल मला ठाऊक आहे. सासरे सांगायचे, लाल झेंडा उतरला तेव्हा हा पक्षाच्या कचेरीतून उठला आणि त्याच इमारतीत कंपनीच्या कचेरीत जाऊन बसला. खुर्चीसुद्धा बरोबर नेली. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, जुनी व्यवस्था गेली की सरकार हळूहळू बाजूला होतं. इथे कंपनी सरकारची, बालवाडी कंपनीची. दामेली खोकली की मी आधी खिडकीतून विहिरींवर रात्रंदिवस जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळेकडे बघते, मग दवाखान्याकडे. दोन्ही त्यांचंच. आता पोरीचे पायही हवेत मेल्यांना.

मी सुरी कुआनिशपुढे ठेवली. "तू काप."

"डोकं फिरलंय का तुझं? बेकार माणसाची चाल देतेस तिला?"

"साहेबासमोर उभा राहिलास तेव्हा तुझे पाय लटपटले नव्हते."

"आणि हिवाळ्यात खाणार काय गं, सूनबाई?" सासूबाई कडाडल्या. "ही दोरी शिजवणार?"

मी सुरी कुआनिशकडे आणखी सरकवली.

बाहेर हॉर्न वाजला. न्यायला कंपनीची गाडी आली होती. कुआनिशने खिडकीकडे पाहिलं, मग पोरीकडे. खाली बसला आणि एका झटक्यात दोरी कापली.

सासूबाई शिव्या घालत उठल्या आणि शिव्या घालतच त्यांनी पोरीवरून मूठभर गोड गोळ्या उधळल्या. शकुन मोडायची हिंमत त्यांच्यातही नव्हती.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. दामेली आवाजाच्या दिशेने दाराकडे निघाली, बापासारखाच डावा पाय जरा बाहेर फेकत.

मी तिच्या आधी पोचले आणि कडी लावली.