कोरडा टब

"आधी पिशवी उघडून दाखवा," एक्सरे दारात आडवे उभे राहून म्हणाले.

सफाईला आलेली बाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने पिशवी उंबऱ्यावर टेकवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. रबरी हातमोजे, दोन ब्रश, व्हिनेगरची बाटली, खायच्या सोड्याचा डबा, जुनी फडकी, तारेचा एक आकडा.

"हा आकडा कशाला?"

"भोकात अडकलेले केस काढायला, काका. कुलपं उघडायला नाही."

एक्सरे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर उभं राहून त्यांनी घरी जाणाऱ्या कामगारांचे डबे आणि पिशव्या तपासल्या होत्या. तिथेच कुणीतरी हे नाव चिकटवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायचं, हीच त्यांची नोकरी. नोकरी संपली, खोड मात्र गेली नाही. बायको त्यांची थट्टा करायची, "माझेही खिसे चाचपा हो एकदा!" तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. बाथरूममधला टब तिच्याच हौसेचा.

तो टब घासायला लेकीने परगावाहून परस्पर ही बाई ठरवली होती. "बाबा, तुम्हाला वाकवत नाही. ही बाई हेच काम करते, तिला करू दे," असं ती फोनवर म्हणाली. नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही. पण टबाच्या डागांची एवढी काळजी अचानक कशी? पाणी कुठेतरी मुरत होतं खास.

त्यांनी झोपायच्या खोलीला कुलूप घातलं, बाथरूमच्या दारातच खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र उघडलं.

बाईचा हात सराईत होता. तिने फडकी व्हिनेगरमध्ये भिजवून टबाच्या पिवळ्या थरावर अंथरली. "अ‍ॅसिडने हे पाच मिनिटांत निघतं," ती म्हणाली, "पण चकाकीही जाते. थोडं थांबावं लागेल."

पण ती नुसती थांबून राहिली नाही. टबाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. खाली वाकून नळ निरखला. मग वळून एकदा त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. एक्सरेंनी शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. पाऊण तास झाला तरी वर्तमानपत्राचं पान उलटलेलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो ताई... हो, बघितलं मी... आत्ता नको, ते इथंच बसलेत."

एक्सरेंची कानशिलं तापली. "कोण ताई?"

"तुमची मुलगी."

"हेरगिरी करायला पाठवलंय होय तिनं? घर विकायचा घाट घातलाय का?"

"घराचं मला काही ठाऊक नाही." बाईने हातमोजे काढले. "त्या म्हणाल्या, बाबा काहीतरी लपवतायत. काम करता करता जरा नजर टाका."

म्हणजे संशय खरा निघाला! पण त्याचा आनंद काही होईना. "मग? काय सापडलं?" त्यांनी फाटकावरच्या आवाजात विचारलं.

"टबाला दोन-तीन महिने पाणी लागलेलं नाही. साबण वाळून त्याचे पापुद्रे धरलेत. नळ एका अंगाला वाकलाय, माणसाचा भार पडल्याशिवाय तो असा वाकत नाही. आणि हातावरचा तो व्रण तुम्ही मघापासून झाकताय."

पकडली गेलेली माणसं एक्सरेंनी पुष्कळ पाहिली होती. काही भांडायची, काही शपथा घ्यायची. काही मात्र नुसती खाली बघायची. ते खाली बघत राहिले.

"पाय घसरला," ते म्हणाले. "सकाळी पडलो, दुपारी कसाबसा बाहेर आलो. तेव्हापासून बादली घेऊन टबाबाहेरच बसतो आंघोळीला. तिला सांगू नका हो. लगेच गाशा गुंडाळायला लावेल मला."

"मी किती घरांतले टब घासते, काका. जिथं म्हातारं माणूस, तिथं नळ वाकलेला असतो आणि कुणीच कधी पडलेलं नसतं." तिने फडकी उचलली. "त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण तुम्हीच आधी सांगितलंत, तर मला कशाला विचारतील?"

ती पुन्हा वाकली आणि घासू लागली. पिवळ्या थराखालून पांढरा रंग हळूहळू वर आला. सगळा टब धुऊन होईपर्यंत एक्सरे खुर्चीतून हलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच फोन लावला.

"पडलो होतो मी. टबात," त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

पलीकडून लेक प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. कधी? कुठे लागलं? किती वेळ पडून होता? "अहो बाबा, कुणाला हाक तरी मारायची!"

"मारली ना."

"कुणाला?"

एक्सरेंनी बाईकडे पाहिलं. ती फडकं पिळत होती. तिने मान वर केली नाही, त्यांच्याकडे पाठ केली आणि नळ पूर्ण सोडला. पाणी टबात धो धो आदळू लागलं.

"तुझ्या आईला," ते फोनमध्ये म्हणाले. "दुपारपर्यंत."

बाई धुतलेला टब पुन्हा धुऊ लागली.