पंतुलूचे पाय

आम्ही गावातून कुठं हललो नाही, सरकारंच हलली. माझं लग्न झालं तेव्हा निजाम होता. बयना पोटात होती तेव्हा निजाम गेला. आणि ती दुसरीत होती त्या दिवाळीला कळलं की आता आपण आंध्रात. तलमडुग्याजवळच्या आमच्या गावात वांगी तीच, ज्वारी तीच, बदलला तो मास्तर. आमचे वामनराव मास्तर मराठवाड्यात गेले, कारण तो मुलूख मुंबई राज्यात गेला. त्यांच्या जागी समुद्राकडचा एक तेलुगू पोरगा आला. त्याला मराठीचा गंध नव्हता आणि हिंदीही तोडकीमोडकीच. गाव त्याला पंतुलु म्हणू लागलं, कारण तेलुगूत मास्तरला तसंच म्हणतात. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून सांगताना मी 'तो' म्हणते. कोणाला खटकलं तर खटको.

या पंतुलूनं माझ्या आठ वर्षांच्या पोरीची वाचा बंद केली, आणि वर तिनंच माफी मागावी म्हणून निरोप धाडला.

पोरांनी घरोघरी सांगितलं ते असं. पंतुलु एकेकाला उठवून तेलुगू अक्षरं वाचून घेत होता. बयनाची पाळी आली. ती काहीतरी पुटपुटली, तो ओरडला, तशी ती चालत त्याच्या खुर्चीपाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय दाबू लागली. वर्ग खो खो हसला. पंतुलूला वाटलं, पोरीनं थट्टा मांडली. त्यानं तिला शाळा सुटेपर्यंत पटांगणात उभं केलं. तिथंच तिचा परकर ओला झाला आणि पोरं पुन्हा हसली.

ती घरी आली तेव्हा मी काय केलं? एक ठेवून दिली. शेजारचा नागोराव दारात उभा राहून मिटक्या मारत सगळं सांगत होता. लाजेनं माझा हात उठला, हे मी लपवत नाही. त्यानंतर बयना बोलायचीच थांबली. हाक मारली तर बघायची, ताट पुढे केलं तर जेवायची. आई नाही, पाणी नाही, तोंडातून अक्षर नाही.

मग शहाण्यांना ऊत आला. एकीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसरी म्हणाली, बाहेरचं दिसतं, भगताकडे न्या. आमचे हे म्हणाले, लेकरू आहे, विसरेल. लेकरू विसरतं असं जो पहिल्यांदा म्हणाला, त्याला लेकरू कधी भेटलंच नसणार.

नवव्या दिवशी, शनिवारी, नागोराव शाळेचा निरोप घेऊन आला. “सोमवारी पोरीनं वर्गापुढं कान धरून माफी मांगाची. नाई तर रजिस्टरातून नाव खारीज.”

“मांगन ना,” माझे सासरे बापूजी खाटेवरूनच म्हणाले. “मास्तरचा मान मास्तरले. पोरीच्या जातीले इतकी जिद्द कायले?”

“बापूजी, तिनं असं काऊन केलं, हे तिले इचारलं काय कोणी?”

“आठ वर्साच्या पोरीले काय इचाराचं असते?”

विचारलं तर मीही नव्हतं. ते वाक्य मला जास्त लागलं ते त्यामुळेच.

रविवारी मी तिला वाडीत नेलं. आम्ही किडकी वांगी तोडून टोपलीत टाकत होतो. मी टाकत होते, ती आपटत होती. एकेक वांगं दात खाऊन आपटत होती. मी हातचं काम सोडून बघत राहिले. पोरीला भूत नव्हतं लागलं, ती मुकीही नव्हती झाली. तिला राग आला होता, आणि तो ठेवायला अख्ख्या गावात कोणी तिला जागा दिली नव्हती.

“टोपलीत नोको आपटू,” मी म्हटलं. “त्या विहिरीच्या भिंतीवर मार. जोरानं. अन् पह्यलं वांगं माह्या नावानं मार. म्या तुले मारलं, ते माह्यं चुकलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरंच म्हणते का, ते पारखून घेतलं. मग वांगं असं फेकलं की त्याच्या चिंधड्या झाल्या. दुसरं, तिसरं, मग मी मोजणं सोडलं. टोपली संपली तेव्हा ती तिथंच बसली आणि भोकाड पसरून रडली. मी गप बस म्हटलं नाही. “रड,” म्हटलं, “मी बसली हावो इथंच.”

बऱ्याच वेळानं ती बोलली. “त्यानंच सांगतलं, आई. घट्ट चेप म्हणे. म्हणून चेपले.”

“तेलुगू माणूस मराठीत कसा सांगन वं? नीट सांग, कसा म्हणला?”

ती उठली. भुवया आवळल्या, एक बोट रोखलं आणि हुबेहूब पंतुलूच्या आवाजात गरजली, “गट्टिगा चेप्पु!”

माझं तेलुगू बाजारापुरतं, म्हणजे भाव, माप आणि चार शिव्या. पण चेप्पु मला ठाऊक होतं. बाजारात गिऱ्हाईक हेच म्हणतं, धर चेप्पु, भाव सांग. चेप्पु म्हणजे सांग. गट्टिगा म्हणजे मोठ्यानं. पोरीनं अक्षर हळू वाचलं, म्हणून तो मोठ्यानं सांग म्हणाला. आणि माझ्या पोरीच्या कानाला ऐकू आलं ते आमचे बापूजी रोज संध्याकाळी पाय पसरून म्हणतात ते. घट्ट चेप.

मी हसले आणि हसता हसता रडले. “तू कायबी चुकली नाई,” मी तिला सांगितलं. “जे आयकू आलं ते केलं. कान धराचे नाईत. कोणी म्हणलं तरी नाईत.”

संध्याकाळी खाटेवरून नेहमीची हाक आली. “बयने, ये वं. घट्ट चेप जरा.”

मी मध्ये जाऊन उभी राहिले. घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, “हे तिले तुमीच शिकोलं, बापूजी. आता सांगा, कान तिनं धराचे का तुमी?”

आमचे हे उगाच खोकले. बापूजींनी पाय हळूच धोतरात ओढून घेतले. “तरी बी,” ते म्हणाले, “मास्तर तो मास्तर. सरकार त्यायचं हाय आता.”

“सरकार असन त्यायचं. पोरगी माही हाय.”

सासऱ्यापुढे इतकं बोलण्याची ती माझी पहिली वेळ. 

सोमवारी मी बयनाचा हात धरून शाळेत गेले. शाळा चावडीतच भरायची. पंतुलु खुर्चीत बसला होता. आम्हाला पाहताच त्यानं स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. “कान पकडो. माफी बोलो.”

“नाई,” मी म्हटलं.

मी समजावू लागले. चेप्पु म्हणाले, चेप ऐकलं, पाय, बापूजी, सगळं एका दमात, त्याच्या पायांकडे हात करत. त्याला यातलं एवढंच कळलं की पोरीपाठोपाठ तिची आईही पायांवर आली. त्याचा आवाज चढला. रजिस्टर उघडून त्यानं बयनाच्या नावावर बोट ठेवलं. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

तेवढ्यात त्याच्या डोक्यामागून, भिंतीवरून, एक जाडजूड पाल खाली सरकताना मला दिसली.

“पंतुलु, पाल!” मी बोट दाखवलं.

तेलुगूत पालु म्हणजे दूध. हे मला बाजारामुळे ठाऊक होतं आणि, खरं सांगते, ठाऊक होतं म्हणूनच दुसरं काही न सांगता मी तेवढंच म्हटलं.

“पालु?” तो गोंधळला. “पालु वद्दु.” दूध नको.

“अवो, पाल! पाल!”

“वद्दु, अम्मा, वद्दु!” तो हात जोडून म्हणाला, आणि पाल टपकन त्याच्या खांद्यावर पडली.

तो किंचाळत उठला, खुर्ची उलटली, रजिस्टर एकीकडे, तो एकीकडे. वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग मी त्याचं तोंड पाहिलं. कान लाल झालेले, डोळे भरून आलेले, कुणाकडे बघावं हे कळत नव्हतं. इतके दिवस घरात मी हेच तोंड बघत होते.

“चूप रे सारे!” मी ओरडले. “त्याले शबूद समजला नाई, त्यात दात काय काढता? तिले तरी कुठं समजला होता?”

माझी मराठी त्याला कळली नसेल, पण बयनाकडे केलेला हात कळला. मी खाली वाकून स्वतःची पोटरी दोन्ही हातांनी दाबली. “चेप,” मी म्हटलं. मग तोंडाशी हात नेला. “चेप्पु.”

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग बयनाकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. “अय्यो,” तो हलकेच म्हणाला.

बयनानं माझा हात सोडला. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. भिंतीवर परत चढणाऱ्या त्या जनावराकडे बोट केलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच शाळेत तोंड उघडलं. “पाल.” मग भुवया आवळून म्हणाली, “चेप्पु.”

“पाल,” तो पुटपुटला.

तिनं मान हलवली. नाही. एक बोट रोखलं.

“गट्टिगा चेप्पु!”

पंतुलु ताठ उभा राहिला आणि चावडीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “पाल!”