झेंडूच्या हाराखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीज जराशी लुकलुकली किंवा पंख्यात धूळ अडकली, की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. सातारच्या एका कारखान्यात मी आठ वर्षे कामगारांची हजेरी नोंदवली. तेव्हा माझे कौतुक होत असे. मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

तिथून मला क्रांतीने उचलले. ती त्याच कारखान्यात नोकरीला होती. साहेबांची परवानगी घेऊन, पोत्यात गुंडाळून, तिने मला एसटीने कुंडलला आजोबांच्या घरी नेले. आजोबा लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दोन ट्रंका भरून कॅसेटी होत्या. क्रांतीने माझी धूळ झाडली, नवी हार्डडिस्क बसवली, गाणी ऐकवणारे एक फुकटचे सॉफ्टवेअर घातले आणि वायफायच्या डब्याला माझी वायर जोडली.

"आजोबा, आता गाणी ह्यात राहणार आन् तुमच्या मोबाइलवर वाजणार. फक्त नावं नीट द्या," ती म्हणाली.

टेपरेकॉर्डर मला जोडून लालासाहेब रोज एक कॅसेट माझ्यात उतरवू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी नावे दिली ती 'गाणं एक', 'गाणं दोन' अशी. मला वाटले, पुन्हा हजेरीच घेतोय की काय!

मग ती कॅसेट आली. पस्तीस वर्षांपूर्वी लालासाहेब सीमेवर होते. त्यांच्या आई रंगूबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून त्या पत्राऐवजी कॅसेटवर बोलल्या होत्या. ऊस, म्हैस, शेजारणीशी झालेले भांडण, सगळे त्यात होते. रंगूबाई आता हयात नाहीत. चाळीस मिनिटे मी त्यांचा एकेक शब्द टिपून घेतला. नंतर कॅसेट मागे फिरवताना तिची जुनी फीत गुंतली आणि तुटली. आता तो आवाज फक्त माझ्याजवळ उरला.

"दुसऱ्या डिस्कवर पण ठेवा, आजोबा," क्रांती फोनवर बजावायची.

"ठेवतू की," ते म्हणायचे, आणि राहून जायचे. मी मात्र त्यानंतर एकही दिवस स्वस्थ बसलो नाही.

खंडेनवमी आली. विळे, कोयते, कुदळी धुऊन पाटावर मांडल्या गेल्या. "ह्योबी आपलं हत्यारच की," म्हणत लालासाहेबांनी मलाही त्यांच्या शेजारी बसवले. त्यांच्या पत्नी शालूबाईंनी मला हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचा जाडजूड हार नेमका माझ्या पंख्याच्या जाळीवर घातला. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही त्या घरची रीत. आणि पूजेला आईचा आवाज हवा, म्हणून मला चालूच ठेवलेले!

मला श्वास घेता येईना. मी तापत गेलो. रंगूबाईंचा आवाज अडखळू लागला. लालासाहेबांनी घाबरून क्रांतीला फोन लावला आणि हारासकट सगळे सांगितले.

"हार काढा आधी!" ती ओरडली.

"अगं, पूजा हाय. हात लावायचा न्हाई."

"लालू, जेव... जेव... जेव..." रंगूबाई एकाच शब्दावर अडकल्या. सासूबाईंचा आवाज तसा ऐकून शालूबाई ताडकन उठल्या.

"आवं, आत्याबाईंचा आवाज गुदमरतुया आन् तुमी रीत सांगताय व्हय?" असे म्हणून त्यांनी हार ओढून काढला. पण तोवर मी बंद पडलो होतो.

दसऱ्याला क्रांती साताऱ्याहून आली. तिने मला उघडले, साफ केले, चालू केले. एकतीस मिनिटे आवाज नीट होता. पुढचा भाग डिस्कवर खराब झाला होता. नऊ मिनिटे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुणी मला बोल लावला नाही, तेच जास्त लागले. क्रांतीने उरलेल्या आवाजाच्या तिथेच दोन प्रती केल्या.

लालासाहेबांनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग म्हणाले, "माईक लाव गं."

"कशाला, आजोबा?"

"चौकीवर रोज ऐकत हुतो. पाठ हाय मला."

ते माईकपुढे ताठ बसले आणि आईचे बोलणे बोलू लागले. "लालू, जेवलास का रं? थंडीचं कान बांधत जा. म्हस व्यालीया..."

"व्याली न्हवती तवा, गाभण हुती," शालूबाईंनी डोळे पुसत चूक सुधारली.

सत्तरीचा माणूस स्वतःलाच लालू म्हणून हाक मारत होता. दोघांनी मिळून सहा मिनिटे भरून काढली. उरलेली तीन कुणालाच आठवेनात. ती मीही ऐकली होती, मित्रांनो, आणि मलाही आठवत नाहीत.

तुमच्या घरातला कुणाचा आवाज एकाच जागी असेल, तर तो दुसऱ्या जागीही ठेवा. माझ्यावर विसंबू नका. मी जीव लावतो, पण मी तापणारे यंत्र आहे. उठा, आजच ठेवा. जेवायच्या आधी.